हळदीचं पाणी
ओल्या हळदीचा वास आला की उस्मानपुऱ्यातली आमची नानची भट्टी आठवते. कुणीतरी व्हिडिओ टाकला होता, की आम्ही नानला कपड्याचा पिवळा रंग लावतो. दोन दिवसांत गिऱ्हाईक तुटलं. पैसे देऊन चांगले अभिप्राय लिहून घेऊ, असं मी सुचवलं. वडील मैदा मळत म्हणाले, "खोटं कौतुक नाय पायजे. मोबाइल भट्टीपुढं ठेव अन् लाइव्ह चालू कर." त्यांनी नानला पिवळा रंग देणारं हळद-गुळाचं पाणी कालवलं, कॅमेऱ्यासमोर घोटभर प्यायले आणि उरलेलं भट्टीतून काढलेल्या गरम नानवर फिरवलं. त्या दिवशी तिघांनीच पाहिलं, त्यात एक आई, आतल्या खोलीतून. तरी गर्दी परतेपर्यंत ते रोज प्यायले. आता खाद्यपदार्थांच्या कंपन्यांची ऑनलाइन बदनामी निस्तरणं हेच माझं काम आहे. आलेल्याला मी आधी विचारतो, "तुमचा माल तुम्ही कॅमेऱ्यासमोर खाल का?" जो विषय बदलतो, त्याचं काम मी घेत नाही.