लांबचा बाजार

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी औरंगाबादला अर्थशास्त्रात पीएचडी करत होते. विषय होता जालना जिल्ह्यातले आठवडी बाजार: कोण कुठल्या बाजाराला जातं आणि का. माझ्या मार्गदर्शक सरांचं म्हणणं साधं होतं. माणूस जवळचा आणि स्वस्त बाजार धरतो; तो धरत नसेल तर त्याला कारण असणार, ते शोध. ते शोधायला मी केदारखेड्याजवळच्या एका गावात मावशीकडे येऊन राहिले.

हिवाळा होता. सकाळी शेतांवर धुकं इतकं खाली उतरायचं की ज्वारीची नुसती कणसं वर तरंगताना दिसायची. बैलगाडी आधी ऐकू यायची, दिसायची उशिरा. आपण अजून झोपेतच वावरतोय, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

शेजारच्या घरातल्या सुनेला मी वहिनी म्हणत असे. तिशीतली, अबोल. गावाला लागूनच एक बाजार भरायचा, पण वहिनी जायची नदीपलीकडच्या बाजाराला, तेही पायी. त्यात सगळी सकाळ मोडायची. मी कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडची मेथी चांगली असती."

मी दोन्ही बाजार फिरले. भाव सारखेच होते. विकणारी माणसंही बरीचशी तीच. शेवटी एकदा म्हटलं, "वहिनी, मी येऊ का सोबत?"

ती जरा घुटमळली. "चल की. पण लई चालावं लागंल."

आम्ही धुक्यातच निघालो. करडईची शेतं, मग बोरींची झाडी, मग थंडगार पाण्यातून नदी. पलीकडे गेल्यावर वहिनीची चाल वाढली, इतकी की मला जवळजवळ पळावं लागलं. बाजाराचा गलका धुक्याच्या आतून येत होता आणि बाजार मात्र कुठे दिसत नव्हता.

आत शिरल्यावर तिने मेथीकडे पाहिलंही नाही. कडेच्या लिंबाखाली एक वयस्क मुसलमान बाई बांगड्या मांडून बसली होती, तिकडे ती सरळ गेली.

"आ गई बेटी?" बांगडीवाली म्हणाली. "माँ कब की राह देख री."

तिच्या पाठीमागे पोत्यावर एक म्हातारी बसली होती. वहिनी तिच्यापुढे जाऊन टेकली. म्हातारीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मग तिला पाठमोरी बसवलं, पिशवीतून फणी काढली आणि तिचे केस विंचरायला लागली.

"माय हाय माझी," वहिनी मान न वळवता मला म्हणाली.

वहिनीच्या भावाने तिच्या सासऱ्यांना विकलेला बैल लंगडा निघाला होता. त्यावरून दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं होतं. माहेर आणि सासर यांच्या मधोमध हा बाजार होता. म्हातारीने भाकरीचं फडकं सोडलं, मलाही दिली. ऊन वर आलं, धुकं फाटलं, आणि मला इकडेतिकडे दिसायला लागलं. गुळाच्या दुकानामागे, मडक्यांच्या राशीशी, बैलगाडीच्या सावलीत, जिथे पाहावं तिथे एक थोरली आणि एक धाकटी बाई. कुणी नातवाचं नाक पुसतेय, कुणी लेकीच्या पदरात हुरडा बांधतेय. विकण्या-घेण्याचा गलका लांब गेल्यासारखा झाला. आपण दुसऱ्याच कुठल्यातरी बाजारात आलोय, असं वाटलं.

परतताना नदीकाठी वहिनी म्हणाली, "हे लिहून राह्यली का तू?"

"लिहू का?"

"घरी कळालं तर मंग माझं येणं बंद व्हईल."

"मग नाव-गाव नाही लिहीत."

दोन-चार दिवसांनी तिची सासू ओट्यावर उन्हात बसली होती. मला हाक मारून जवळ बसवलं आणि हळूच विचारलं, "गेल्ती ना बाजारला? तिची माय बरी हाय का?"

मी उठायला लागले तर तिने माझा हात धरला.

"मला ठावं हाय. मेथीच्या निमित्तानं मीच धाडते की. ह्या बाप-लेकांना बसू दे बैलाचा राग धरून."

"मग वहिनींना सांगत का नाही?"

"सांगितलं तर मायला भेटाया तिला मला इचारून जावं लागंल. आता आपल्या मनानं जाती."

मी हे दोघींपैकी कुणाचंच दुसरीला सांगितलं नाही. औरंगाबादला सरांना मात्र, गावाचं नाव वगळून, सगळं सांगितलं.

"याला अर्थशास्त्र म्हणायचं का?" ते म्हणाले.

"लांब जाण्याचं कारण तर हेच आहे, सर."

त्यांनी माझी वही पुढे ओढून चाळली. "मग लिही. नावं नकोत. पण एका मायलेकीवर सिद्धांत उभा राहत नाही. आणखी बाजार बघ."

मी बघितले. काही ठिकाणी हेच आढळलं. अंबडला तसं काहीच सापडलं नाही. तिथे माणसं कोर्टाची तारीख, शेतमाल आणि परतीची एसटी यांतच गुंतलेली. प्रबंधात त्यावर एक लहानसं प्रकरण झालं.

पुढे मी जालन्यात प्राध्यापक झाले. काही वर्षांनी वहिनीच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. नातीच्या लग्नासाठी तिचे सासरे स्वतः तिच्या माहेरी बोलवायला गेले होते. मांडवात दोन्ही घरं एका पंगतीत जेवली.

वहिनीने मला वाढता वाढता विचारलं, "तुझं ते लिहून झालं का?"

"झालं. तुमच्या गावाचं नाव नाही घातलं."

ती जराशी हिरमुसली. "घातलं असतं तरी चाललं असतं," म्हणाली, आणि आणखी एक पुरी वाढली.

दुपारी सासू आणि माय, दोघी विहिणी, चटईवर शेजारी बसून सुपारी कातरत होत्या. वहिनीची माय आता फारच वाकली होती. काय बोलत होत्या, ते मला ऐकू येत नव्हतं. मांडवाच्या कापडातून पिवळा उजेड खाली झिरपत होता, लांब कुठेतरी ताशावाला हात मोकळा करत होता. मी भिंतीला पाठ टेकली आणि तिथेच, बायकांच्या घोळक्यात, मला गाढ झोप लागली.