कुंडीतली तूर

आमच्या कळंबच्या झाडवेड्या मंडळाचा दिवाळीच्या सुट्टीत एक कार्यक्रम असतोय. एका काकूंच्या गच्चीवर सगळे जमतात. आपल्या हातानं वाढवलेलं एक झाड आणायचं, तांब्यातनं चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव निघंल त्याचं झाड आपलं. आन् पुढच्या दिवाळीला ते झाड परत आणून सगळ्यांना दाखवायचं. काकू म्हणत्यात, "लेक दिली म्हणून माहेर तुटतंय का?"

मला त्यांनी घेतलं ते नकलांसाठी. झाडातलं मला ढेकळं कळत न्हवतं.

पयल्या वर्षी मला सरांची चिठ्ठी निघाली. सर म्हंजी शाळेतनं निवृत्त झालेले मास्तर. बोलायच्या आधी चष्मा कपाळावर सरकवतात आन् दोनदा खाकरतात. कुंडीत बोटभर चंदन, त्याला चिकटून तुरीचं रोप. सर कायतरी समजावून सांगत होते, पण माझं सगळं ध्यान त्यांच्या खाकरण्यावर. दुसऱ्या मिनिटाला म्या तसंच खाकरून दाखवलं आन् गच्ची हसली. सरबी हसले.

काकूंनी मला बाजूला घेतलं. "माकडा, नीट सांभाळ. सरांच्या अंगणातलं चंदन चोरट्यांनी रातोरात कापून नेलं. त्याच्या बियांतनं हे एकच रुजलंय."

"मग मला कशाला दिलं?"

"देताना आपलं चांगलं तेच द्यायचं असतंय."

वर्षभर म्या त्याला जपलं. चंदन हातभर झालं, तूर मात्र माझ्या कंबरेला लागली. माहेरी न्यायला महिना राहिला तसं वाटलं, लेकीला जरा सजवावं. आमच्या गावाकडं, वाशीला, रानोमाळ तूर, ती कुंडीत कशाला मिरवायची? खुरप्यानं बुडातनं कापली. वर गेरूचा हात दिला कुंडीला. लई देखणी दिसली!

आठ दिवसांत चंदन पिवळं पडायला लागलं. पाणी वाढवलं, शेणखत घातलं. दिवाळीपातूर चार पानं राहिली.

गच्चीवर कुंडी ठिवली तवा एक जण म्हणला, "काय रे, उपाशी ठिवलीस का लेकीला?" सगळे हसले. मला हसू आलं न्हाय. सरांनी चष्मा वर सरकवला, पण खाकरले न्हाईत.

"हिच्या शेजारची तूर कुठंय?"

"कापली सर. चांगलं दिसावं म्हणून."

सर खाली बसले. कुंडी आडवी करून त्यांनी मातीचा गड्डा अलगद बाहेर घेतला आन् बोटानं माती मोकळी केली. "हिकडं ये. बघ."

तुरीचं कापलेलं मूळ आत वाळून गेलं होतं. चंदनाची केसाएवढी मुळं त्याच्यापातूर गेलेली, आन् प्रत्येकाच्या टोकाला मोहरीएवढी गाठ. ती गाठ तुरीच्या मुळाला घट्ट चिकटलेली. सरांनी हलकं वढून बघितलं. सुटंना.

"चंदन एकट्यानं जगत न्हाय," सर म्हणले. "शेजाऱ्याच्या मुळातनं पितंय. तूर मेली तरी ह्यानं धरून ठिवलंय."

वर्षभर त्या कुंडीला रोज पाणी घातलं म्या, आन् आत एवढं चाललं होतं! सगळी मंडळी वाकून बघायला लागली. ज्यानं टोमणा मारला, त्यानंच हळूच चप्पल काढली.

काकूंनी डब्यातनं मूठभर तुरी आणल्या. सरांनी पाच दाणे टोचले, गड्डा परत बसवला आन् कुंडी माझ्याकडं सरकवली.

"सर, तुमीच न्या. माझ्याकडं मरंल."

"दिलेलं परत घ्यायचं न्हाय. मरंल का जगंल, तुझ्याकडंच."

तुरी उगवल्या. चंदनाच्या चारातली दोन पानं गळाली. संक्रांत झाली आन् एका सकाळी शेंड्याला लालसर, मुंगीएवढं कायतरी फुटलेलं दिसलं. म्या सरांना फोन लावून सांगितलं. त्यांनी लगेच फोन ठिवला.

दुपारच्या एसटीनं सर आमच्या दारात. आईनं चहा दिला. ते कुंडीसमोर उकिडवे बसले, त्या शेंड्याला बोट न लावता. चहावर साय आली. आईनं तो दुसऱ्यांदा गरम करून आणला, तरी सर तिथंच.