रेवडीला दिलेली धुरी

गेल्या मंगळवारी आमच्या परंड्याच्या घरी बाळंतपण झालं... सशाचं. वाचून हसू येईल, पण ही पोस्ट हसण्याची नाही, हे आधीच सांगते.

रेवडी माझ्या लेकीची, केतकीची. लग्न होऊन केतकी पुण्याला गेली आणि ससा माझ्या गळ्यात पडला. एकटी कंटाळते म्हणून ह्यांनी दिवाळीनंतर बार्शीच्या बाजारातून तिला मैत्रीण आणली. विकणाऱ्याने मादीच आहे म्हणून छातीठोक सांगितलं होतं... महिन्याभरात रेवडीचं पोट दिसायला लागलं आणि मैत्रिणीची रवानगी शेजारी झाली.

इकडे केतकीलाही सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती ह्या महिनाअखेरीस येणार. मी मागची खोली सारवून-पुसून तयार ठेवली होती. बाज, बाजेखाली शेगडी, ओवा आणि वावडिंगाच्या पुड्या. ह्या घरातल्या सगळ्या बाळंतिणी त्याच खोलीत राहिल्या, मीही दोनदा. एक खिडकी आहे, पण वारा लागू नये म्हणून कुणीतरी कधीकाळी तिला खिळे ठोकलेत. इतक्या वर्षांत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

रेवडीलाही तिथंच ठेवलं. हरभऱ्याचा पाला, मेथी, गवत... लेकीच्या आधी हिचेच डोहाळे पुरवले म्हणा ना. जनावरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. हात लावू नका, खोली शांत ठेवा, थंडीचं तिचं ती बघते, एवढंच सांगितलं त्यांनी.

मंगळवारी सकाळी बघते तर खोक्यात पाच पिल्लं. अंगठ्याएवढी, उघडीवाघडी. रेवडीने स्वतःच्या पोटाचे केस उपटून त्यांच्यावर पांघरले होते आणि स्वतः मात्र कोपऱ्यात उघड्या पोटाने बसली होती. थंडी मरणाची होती. मला ते बघवेना.

सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो, ऐंशी पार केल्यात त्यांनी. त्या दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाळंतीण हाय ती. शेक दे की तिला."

मला तेवढंच हवं होतं. डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं, नाही असं नाही. पण बाळंतपणातलं पुरुषमाणसाला काय कळतं, असंही वाटलं... आत्यांवर ढकलून मोकळं होता येणार नाही मला. शेगडी मी पेटवली. निखाऱ्यांवर ओवा आणि लसणाची सालं मी टाकली. दार मी ओढून घेतलं आणि छान साडी नेसून हळदीकुंकवाला गेले.

पाच घरं झाली. तिळगूळ, वाण, गप्पा. प्रत्येक घरी मी कौतुकाने सांगत होते, आमची रेवडी व्याली म्हणून.

दिवेलागणीला परत आले. खोलीचं दार उघडलं आणि डोळे चुरचुरले... रेवडी दाराशीच पडलेली होती. खालच्या फटीला नाक लावून. अंग अजून गार पडलं नव्हतं.

पिल्लं मात्र केसांखाली हलत होती. डॉक्टर धावत आले, ड्रॉपरने दूध कसं पाजायचं ते दाखवलं. थंडीने नाही, कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांच्या विषारी वायूने गेली, हे त्यांनी न रागावता सांगितलं. मग त्यांची नजर बाजेकडे गेली. ही कुणासाठी, म्हणाले. लेकीसाठी, मी म्हणाले. त्यांनी खिळे ठोकलेल्या खिडकीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी रेवडीला परसात पेरूखाली पुरलं. परत येते तर आत्या त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेल्या. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतलं. मी सांगितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"माझी पैली लेक हितंच गेली," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या दिवशी. थंडी बाधली म्हणले समदे. मला बी तसंच वाटलं इतकी वर्सं." मग हळूच म्हणाल्या, "शेगडी लई पेटलीवती त्या दिवशी."

तीस वर्षं ह्या घरात आहे मी. ह्यांच्या आधी एक मुलगी होती, हे मला त्या दिवशी कळलं. ती कशाने गेली ते आता कुणीच सांगू शकणार नाही. मी आत्यांना तसं म्हणालेसुद्धा... त्यांनी मान हलवली, पण त्या दिवसापासून त्या नीट जेवल्या नाहीत.

शुक्रवारपर्यंत तीन पिल्लं गेली. दोन आहेत, थेंब थेंब दूध घेतात. त्यांचंही खात्रीने काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. शेजारच्या बाईंनी काल पुन्हा विचारलं, रेवडीची पिल्लं बघायला कधी येऊ... मी विषय बदलला.

केतकीला फोनवर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती खूप रडली. मग तिनेच विचारलं, आई, माझ्या खोलीतही शेगडी ठेवणार होतीस ना? मी हो म्हणाले.

आज सकाळी ह्यांनी खिडकीचे खिळे काढले. एकेक खिळा गंजून लाकडात रुतला होता. आत्या बाजेजवळ उभ्या राहून शेवटचा खिळा निघेपर्यंत बघत होत्या, आणि शेगडी त्यांनी स्वतः उचलून परसात नेऊन ठेवली.

रेवडीने त्या फटीशी जीव सोडला नसता, तर दोन महिन्यांनी त्याच दाराआड माझी लेक आणि तिचं बाळ असतं. त्या मुक्या जीवाचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही... आणि तिची माफी मागायला मला तोंड नाही.