बाहेरचा नळ

"ए भिया, इधर आ. ये पेटी उठा."

ग्रंथपाल साहेब हे माझ्या बाबांना म्हणाले. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीच्या पायऱ्यांवर. माझ्या डोळ्यांदेखत.

बाबांनी त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आमच्या मिलवस्तीतून, परदेशीपुऱ्यातून, सायकल हाणत आले होते. मी तिथे एम.ए. करत होते आणि दुपारी लायब्ररीत काम करत होते. लायब्ररीचं एक पत्रक निघायचं. नवीन काय आलं, संग्रहात खास काय, ते मी लिहायचे. त्या महिन्यात खास होतं ते बाबांच्याच मिलचं.

मिल बंद पडली होती. भोंगा थांबला होता. पेपरात रोज यायचं, देश खुला होतोय. आमच्या गल्लीत धडधाकट माणसं भरदिवसा दारात बसलेली असायची. आणि मालकाच्या घरच्यांनी बंगला आवरताना निघालेल्या तसबिरी, फोटो, पुस्तकं लायब्ररीला भेट दिली होती. "बाबा, तुमच्या मिलचे फोटो आलेत, बघायला या," असं मीच म्हटलं होतं.

"सर, ते माझे वडील आहेत," मी म्हणाले.

या हिंदी मुलखात साहेबही आमच्यासारखे मराठीच. दरबारी घराण्यातले, असं स्वतःच सांगायचे. हसले.

"असं होय? मग काय बिघडलं? मिलवालेच ना. आदत असेल त्यांना."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. पेटी उचलली. मग दुसरी. मग मालकाच्या बापाची ती पुरुषभर उंचीची तसबीर पाठीवर घेऊन जिना चढले. शर्ट घामाने अंगाला चिकटला. वर आल्यावर ते कोपऱ्यातल्या माठाकडे गेले. ग्लास हातात घेतला.

"थांबा," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "यांना बाहेरचा नळ दाखव."

"सर, मी रोज याच माठातलं पिते."

"तुझं चालवून घेतो आम्ही. तू शिकतेस."

चालवून घेतो. मला वाटायचं, तहान लागते म्हणून मी पाणी पिते. हे लोक माझं चालवून घेत होते.

बाबांनी ग्लास खाली ठेवला. बाहेरच्या नळावरही गेले नाहीत. तसेच तहानलेले निघाले. सायकल हातात धरून चालत राहिले, मी बाजूला. गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, "तू काही बोलू नको बेटा. पढाई पूरी होऊ दे."

मला त्यांचाही राग आला. त्या रागानेच मी ठरवलं.

संग्रहाच्या उद्घाटनाला मालकाची सून आली. हार झाले, भाषणं झाली. पत्रकातला मजकूर मी वाचून दाखवायचा होता. साहेबांनी तो तपासून दिला होता. 'उदार कुटुंबाची अमूल्य भेट.' मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"संग्रहातलं खास," मी म्हणाले. "मागे तसबीर आहे, ते मालकांचे वडील. ती पाठीवर वाहून आणणारा माणूस यांच्याच मिलमध्ये राबून रिकामा झाला. ते माझे वडील." मी बाबांचं नाव घेतलं. "त्यांना इथल्या माठातलं पाणी पिऊ दिलं नाही. कारण आम्ही बौद्ध आहोत. ज्यांनी अडवलं, ते पहिल्या रांगेत बसलेत."

मी बोट दाखवलं.

"माइक बंद करा!" साहेब ओरडले.

माइक बंद झाला. मी परत पहिल्यापासून सांगितलं. विनामाइक. जास्त जोरात.

हॉलमधून माझ्या बाजूने कोणी उठलं नाही. ना प्रोफेसर, ना माझ्या वर्गातली मुलं. सून शेजारच्याला विचारत होती, "ये लड़की कौन है?"

दुसऱ्या दिवशी मला कामावरून काढलं. "उपकार केले तुझ्यावर," साहेब म्हणाले.

"केले असतील तर परत घ्या," मी म्हणाले. "सगळे."

घरी बाबांनी विचारलं, "सबके सामने बोललीस?"

"हो."

"नाव घेतलं माझं?"

"घेतलं."

"पूरं?"

"आडनावासकट."

बाबा खाटेवर सरसावून बसले. मग म्हणाले, "साहेबाचं तोंड कसं झालं होतं, ते सांग."

मी सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

आता मी त्याच युनिव्हर्सिटीत शिकवते. लायब्ररीच्या कमिटीवर आहे. मिलच्या जागेवर दुकानं उभी राहिली. मालकाच्या घरून अधूनमधून प्रस्ताव येतो, आजोबांचं नाव हॉलला द्या. गोड बोलणारी माणसं येतात. "मॅडमजी, पुराण्या गोष्टी सोडा." दर वेळी मी प्रस्ताव हाणून पाडते. साहेब एकदा एका लग्नात भेटले. काठी टेकत जवळ आले. म्हणाले, "आता राग नाही ना?"

"आहे," मी म्हणाले.

मी आहे तोवर ते नाव त्या भिंतीवर लागणार नाही. माझ्यानंतर त्या कमिटीवर बसतील अशा मुली मी आत्ताच तयार करते आहे. मिल कामगारांच्या नाती. त्यांना वाचायला शिकवलं, भांडायला शिकवलं, भर सभेत उभं राहायला शिकवलं. माफ करायला शिकवलेलं नाही. शिकवणारही नाही.