भाव कोसळला असं मी वाचणार नाही

"म्हण. पुन्हा म्हण. तोंड उघडून म्हण."

अकोल्याच्या त्या कापसाच्या पेढीवर मॅनेजरसाहेब मला उभं करायचे. मुंबईचा पाहुणा आला की हटकून. आधी मी, मग चहा. मी तिथला कारकून. मुंबईहून इंग्रजीत तार यायची, तिचं मराठी करायचं, एवढंच माझं काम.

मी म्हणायचो. डिप. डिक्लाइन. ड्रॉप. स्लम्प. कोलॅप्स.

म्हणजे भाव जरासा वाकला. उतरला. एकदम खाली आला. बसला. कोसळला. इंग्रजीत पडायलाही पायऱ्या असतात आणि व्यापारी एकेक पायरी तोलून बोलतो.

साहेब पाहुण्याला म्हणाले, "बघा हो, माळ्याचं पोर. बाप अमरावतीला राजापेठेत वांगी विकतो. आणि याला पडायचे सगळे शब्द पाठ. चढायचे मी शिकवलेच नाहीत. काय करायचेत त्याला?"

पाहुणा हसला. साहेब हसले. मीही हसलो. पगार होता.

कापसाच्या गाड्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना पेढीच्या ओट्यावरून तार मोठ्यानं वाचून दाखवायचं काम त्या हंगामात नुकतंच माझ्याकडे आलं. माझ्याआधीचा कारकून काय वाचत होता, देव जाणे. नाही, देव कशाला? साहेब जाणे.

एका सकाळी तारेत होतं, 'स्लाइट डिक्लाइन'. भाव किंचित उतरला. साहेबांनी तार पाहिली आणि म्हणाले, "कोसळला म्हणून सांग."

"साहेब, तसं लिहिलेलं नाही."

"तुला पगार कशाचा देतो मी? वाचण्याचा की विचार करण्याचा?"

कोसळला म्हटलं की शेतकरी घाबरतो. उद्या आणखी पडेल या भीतीनं आज मागतील त्या भावात कापूस देऊन मोकळा होतो. हे पेढीला पक्कं माहीत.

मी ओट्यावर चढलो. समोर गाड्याच गाड्या. पहिल्याच गाडीवर माझी आत्या. अकोटाजवळ तिचं काळं वावर. नवरा गेल्यापासून शेती तीच पाहायची. तिची पोरगी मराठी चौथीत पहिली आली होती. ठरलं होतं असं, की भाव आला तर पोरगी अमरावतीच्या शाळेत. नाही आला तर लग्न.

"काय म्हनते रे बापू तार?" आत्यानं खालून विचारलं.

मी ओरडलो, "भाव थोडा उतरला! थोडाच! कोसळला नाही! घाई करू नका!"

साहेब बाहेर आले. कोटाची बटणं लावत. आवाजही चढवला नाही. म्हणाले, "याला अजून इंग्रजी वाचता येत नाही. माळ्याचं पोर, मेथीची जुडी काय न् तार काय, याला सारखीच. भाव कोसळलाय. उद्या आणखी जाईल. ज्याला विकायचं त्यानं विका."

गाड्या हसल्या. हो, आमच्याच गाड्या. फाटक्या वहाणेचा एक जण बोलला, "अबे, तुह्या बापानं तरी तार पायली होती काय?"

आत्या तर चिडलीच. "काहून तोंड वाजवून राह्यला रे? सायेब शिकेल हायेत. तू कालचा पोट्टा."

"आत्या, म्या वाचलं ना! आज देऊ नको. गाडी वापस ने."

"भरेल गाडी वापस नेतेत काय कोनी? लक्षुमी हाय ते. घराबाहेर काढेल लक्षुमी वापस नेली त घर बुडते."

हे आम्हाला आईच्या दुधातून पाजलेलं. व्यापाऱ्याची लक्ष्मी गोदामात महिनोन् महिने बसते, तिला काही होत नाही. आमचीच लक्ष्मी अशी कशी, की दिवस मावळायच्या आत विकली नाही तर रुसते?

शिपायानं दंडाला धरून मला खाली ओढलं. माझ्या जागी दुसरा कारकून चढला. "कोसळला!" त्याचा आवाज माझ्याहून खणखणीत. आत्यानं बैल सोडले. दलालानं भाव सांगितला, तिनं मान हलवली. मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. दोन हात! आणि काही करू शकलो नाही.

नोकरी त्याच दिवशी गेली. ती जाणारच होती.

उन्हाळ्यात पोरीचं लग्न लागलं. हळदीच्या अंगानं ती माझ्याजवळ आली. "दादा, तार खरंच तशी होती?"

"होती."

"मंग मायनं तुह्यं कावून नाही ऐकलं?"

मी जेवायला बसलो. जेवलोही. दुसरं काय करणार होतो?

पण तो प्रश्न घशाखाली उतरला नाही. शब्द मला येत होते. खरं काय ते मी सांगितलं होतं. तरी आमच्या माणसांनी कोट ऐकला. साहेबाला खोटं बोलायला जोर लागलाच नाही. तो जोर आम्ही त्याला पिढ्यान् पिढ्या देत आलो. शिकेल म्हणजे तो, आणि आपलं पोरगं शिकलं तरी माळ्याचंच!

या हंगामात मी अकोटच्या रस्त्यावर उभा राहणार आहे. गाड्या बाजारात शिरायच्या आधी. एकेक गाडी अडवून पाचही शब्द सांगणार. हसतील, शिव्या देतील, एखादा चाबूकही उगारेल. उगारू दे. मी हटणार नाही. ज्या दिवशी एक, फक्त एक, भरलेली गाडी बाजारात जाऊनही न विकता तोंड फिरवेल, त्या दिवशी तिच्या बैलांपुढे मी चालणार. दिवसाढवळ्या. भर बाजारातून. पेढीच्या दारावरून.