बिनविरोध काउंट

कराडकडचा सत्यजित अमेरिकेत, स्टेट कॉलेज गावच्या विद्यापीठात इतिहासात पीएचडी करायला आला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा एखाद्या मराठा सरदारावर लिहिणार. त्यानं निवडला स्पेनमधला डॉन रामिरो, व्हाल्देओलीवाचा काउंट, म्हणजे तिथला उमराव. मैलोगणती ऑलिव्हच्या बागांचा मालक, आणि तरी माद्रिदच्या संसदेत उदारमतवाद्यांच्या बाकावरून शेतमजुरांसाठी घसा कोरडा करणारा. शाळा पाद्र्यांच्या हातून सोडवा म्हणाला, तर सख्ख्या आईनं अबोला धरला. काही महिने शिक्षणमंत्री झाला. यादवी पेटल्यावर परदेशात, भाड्याच्या खोलीत मेला. हा शेवट सत्यजितला जरा जास्तच जवळचा वाटे.

"काउंटकाका जेवले का आज?" रूममेट देवांग विचारायचा. तो नागपूरचा, मेकॅनिकलवाला.

प्रबंधाचा कणा एकच होता. काउंट दर वेळी बिनविरोध निवडून आला, म्हणजे तो खरोखर लोकांचा होता. हे प्रकरण गाईडबाईंना पटलं तरच पुढची असिस्टंटशिप होती, आणि ती गेली की व्हिसाही गेला.

बाईंनी वाचून शांतपणे विचारलं, समोर कुणीच नाही यात अभिमान कसला? एकच उमेदवार उरला की तिथे मतदानच होत नसे. मजुरांना मतपेटी दिसू नये म्हणून गावोगावचे पुढारी बाकीच्या इच्छुकांना आधीच बसवत.

सत्यजितनं सांगून पाहिलं, की आमच्याकडे बिनविरोध म्हणजे गावाची शोभा. गुलाल, जेवणावळ, पेपरात फोटो. बोलता बोलता त्याचाच आवाज उतरला. हे त्यानं स्पेनबद्दल कुठे वाचलं नव्हतं. घरून आणलं होतं. वडील दोनदा बिनविरोध सरपंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅम्पस बसच्या थांब्यावरून त्यानं घरी फोन लावला.

"बाबा, तुमच्यासमोर कोण उभं राहणार होतं?"

"वस्तीवरचा प्रसाद. चांगला पोरगा."

"मग?"

"समजावलं त्याला."

"काय बोललात?"

"त्याच्या रानाला पाणी आपल्या विहिरीचं. बोलायला लागतंय कशाला?"

बस आली, दार उघडून थांबली, निघून गेली. आपल्यासाठी इतरांना बसवतात हे काउंटला ठाऊक होतं का, या प्रश्नावर सत्यजितनं वर्षं घालवली असती. आता तो प्रश्नच उरला नव्हता. काउंटलाही कुणाला काही बोलावं लागलं नसेल. ऑलिव्हची झाडं त्याचीच होती.

त्यानं प्रकरण मागे घेतलं. बाईंनी नव्यानं लिहायला मुदत दिली. पण ज्याच्यावर लिहावं असा भला माणूस त्याच्याजवळ उरला नव्हता. तिथेही नाही, घरीही नाही.