निम्म्या पगाराचा शमशुद्दीन

छत्तिसाव्या वर्षी माणसाच्या पोरांची शाळासुद्धा संपलेली नसते. पण फुटबॉल खेळणाऱ्याला मालक लोक खुशाल म्हातारा ठरवून मोकळे होतात. कसबा पेठेतल्या शमशुद्दीनचं तेच झालं. बारा वर्षं पुण्याच्या एका व्यावसायिक संघाची बचावफळी त्यानं सांभाळली. अन् नव्या कराराच्या वेळी संघाचे मालक, मांजरीचे आप्पासाहेब म्हणतात कसे, "शमशूभाई, तुमचं पळणं आता निम्मं झालंय. पगार बी निम्मा. पटतंय न्हवं?"

दुसरे संघ त्याच्या वयाच्या, त्याच्या जागेवरच्या खेळाडूला पुरा पगार देत होते. शमशुद्दीनला ते ठाऊक होतं. पण हा गडी मैदानात वाघ आणि पगाराचं बोलायला गोगलगाय! "विचार करून सांगतो," म्हणाला आणि तोंड पाडून घरी आला.

बायको हुस्नबानूचं पेठेत बांगड्यांचं दुकान. ऐकून ती चिडायची सोडून खो खो हसली.

"अहो, निम्म्या पैशात बांगड्या मागणाऱ्या बाईला मी काय सांगते?"

"एकाच हातात भरून मिळतील."

"मग तुम्हीही एकाच हाताचं द्या!"

दुसऱ्या दिवशी सरावाचा सामना होता. शमशुद्दीन पळाला, चेंडू अडवले, पण तोंडातून चकार शब्द नाही. एरवी त्याच्या हाकांनी मैदान दणाणायचं. त्या हाकांविना बजरंग आणि श्याम, दोघे तरणेबांड बचावपटू, एकाच चेंडूवर धावले आणि एकमेकांवर आपटले. अर्ध्या तासात चार गोल!

"आवो, बोला की!" आप्पासाहेब कडेवरून ओरडले. "मुकं झालाय का?"

"निम्म्या पगारात पाय दिले, आप्पासाहेब. तोंड उरलेल्या निम्म्याचं आहे."

आप्पासाहेबांनी डोळे वटारले, आणि मग पोट धरून हसले. "वहिनींनी शिकवलंय व्हय? दुसरे देतात तेवढा पुरा पगार घ्या, पण आधी ह्या पोरांवर वरडा!"

शमशुद्दीन असा ओरडला की बजरंग जागीच दचकला.

संध्याकाळी त्यानं सही केलेला करार दुकानात हुस्नबानूपुढे ठेवला. साऱ्या पेठेचे हात भरणाऱ्या तिच्या स्वतःच्या मनगटावर एक जुनी बांगडी होती.

"हात पुढे कर," तो म्हणाला आणि हिरव्या बांगड्या भरू लागला. त्यात दोन फुटल्या.

"अहो, हळू!" ती ओरडली, हसली, आणि डोळे पुसत तिनं दुसरा हात पुढे केला.